चपला न घालता बाहेर जाणारे व्याही

अख्ख्या दिल्लीत, आणि आमचं गाझियाबाद धरलं तर त्याच्याही पलीकडे, घराबाहेर सगळ्यात कमी पडणारा आणि तरी सगळ्यात जास्त भटकून येणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. खाली दुधाच्या बूथपर्यंत जायचं म्हटलं की त्यांचे गुडघे दुखतात. मेट्रोचा जिना त्यांना सोसत नाही. लग्नाला बोलावलं तर आधी विचारतात, "पाठ टेकायची खुर्ची आहे ना?" पण दुपारचं जेवण झालं, ताकाचा शेवटचा घोट गेला, दिल्लीच्या द्वारका वस्तीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ते पलंगावर उताणे झाले आणि दोन्ही हात छातीवर ठेवले, की हा माणूस शरीर तिथेच ठेवून बाहेर पडतो. असं ते म्हणतात. शरीर पलंगावर, आणि हे पंख्याच्या बाजूने निघून गॅलरीतून बाहेर. विमानतळाकडे जाऊन विमानं उतरताना बघतात, सेक्टरांच्या मागे जुन्या गावाचं तळं राहिलंय तिथल्या म्हशींची विचारपूस करतात, आणि चहाला परत. चहाची वेळ त्यांनी कधी चुकवली नाही, एवढं मला मान्य करावंच लागतं.

त्या घराची बोलीच त्यामुळे बदलून गेली होती. माझी मुलगी सुजाता त्या घरची सून. मी फोन करून विचारायचो, "आबा आहेत का गं?" ती म्हणायची, "बाहेर गेलेत." मग मला विचारावं लागायचं, "चपला घालून, की नुसतेच?" "नुसतेच," ती म्हणायची आणि आवाज खाली करायची. "बाबा, आज जरा जास्तच वेळ झालाय हो. छाती हलताना दिसत नाही. मी आत्ताच आरसा धरून आले नाकाशी." वाचणाऱ्याला हसू येईल, पण मला येत नसे. जावई ऑफिसात, घरात माझी पोर एकटी, आणि पलंगावर एक सहा फुटी म्हातारा रोज दुपारी मेल्यासारखा पडलेला. खरंच गेला तर तिला कळायचं कसं? ती आपली चहा ठेवून वाट बघत बसेल. मी इकडे गाझियाबादेत, वैशाली भागातल्या घरी, फोन मांडीवर घेऊन बसायचो. बायको म्हणायची, "जेवा आता." मी म्हणायचो, "थांब, ते परत येऊ देत." शेवटी फोन वाजायचा. "आले. साखर जास्त टाक म्हणतायत." मग मला घास उतरायचा.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं कुठून येतं ते कळेल. माझं शिक्षण चौथी. नागपूरकडून इकडे आलो, एका सरकारी इमारतीत लिफ्टमन म्हणून लागलो आणि लिफ्टमन म्हणूनच रिटायर झालो. याची मला लाज नाही, उलट ताठा आहे. सेक्रेटरी असो नाहीतर चपराशी, माझा हात लागल्याशिवाय कोणी वर गेला नाही. जन्मभर माणसं वर नेली आणि खाली आणली, त्यातून एक गोष्ट पक्की शिकलो, की आपोआप वर काहीच जात नाही. वर जायचं तर तार लागते, मोटार लागते, आणि चालवणारा लागतो. दुसरं म्हणजे आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी त्यांच्या कडेवर होतो. आमच्यात आत्मा मानत नाहीत. जे मुळात नाहीच ते बाहेर पडणार कसं आणि परत येणार कुठून? व्याह्यांनी बाहेर जाण्याची गोष्ट काढली तेव्हाच हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे पान चघळलं आणि म्हणाले, "तुमच्यात नसेल. आमच्यात आहे. म्हणून तर तुम्ही दुपारभर घरात बसता आणि आम्ही फिरून येतो."

ते साताऱ्याकडचे. गावात मोठं घराणं, मानपान, सगळं. आमच्या मुलांनी लग्न आपलं आपण जमवलं, तेव्हा आम्ही दोघे बाप कोर्टातल्या बाकाच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसलो होतो. नंतर बरीच वर्षं आमचं बोलणं 'या' आणि 'येतो' एवढंच. मग त्यांची बायको, म्हणजे आमच्या विहीणबाई, गेल्या. त्यानंतरच्या संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी नेहमीप्रमाणे बस करून पानिपतला, काला अंब या लढाईच्या स्मारकाला, निघाली. सुजाता म्हणाली, "बाबा, आबांना घेऊन जा, घरात नुसते भिंतीकडे बघत बसतात." बसमध्ये आम्हाला शेजारची सीट मिळाली. तिथे पोचलो, धुकं होतं, त्या दगडी खांबापाशी सगळे मान खाली घालून उभे, आणि आमचे व्याही उपाशीपोटी एकदम खाली कोसळले. मी वाकलो, पाणी मारलं, छाती चोळली. म्हटलं, मुलीला काय सांगू? थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. माणूस अशा वेळी पाणी मागतो, देवाचं नाव घेतो. हे म्हणाले, "व्याही, तुमच्या डोक्याला मागच्या बाजूला टक्कल आहे."

मी चाट पडलो. कारण टोपीशिवाय मला बायकोखेरीज कोणी पाहिलेलं नाही. "मी वर होतो," ते म्हणाले, "खांबाच्या टोकाशी. खाली मी पडलेलो, तुम्ही माझ्यावर वाकलेले. टोपी पडली तेव्हा दिसलं. रुपयाएवढं." झालं! त्या दिवसापासून त्यांचं बाहेर जाणं सुरू झालं, आणि आमचं भांडणही. मी म्हणायचो, "अहो, बसमध्ये डुलकी लागली तेव्हा माझी टोपी सरकली असेल. तुम्ही माझ्याहून हातभर उंच. तुम्ही पाहिलंत, विसरलात, आणि भोवळ आली तेव्हा ते डोक्यातून वर आलं." ते म्हणायचे, "मग तुम्ही रडत होता तेही बसमध्येच पाहिलं का मी?" यावर मी विषय बदलायचो. थंडीने डोळ्यांतून पाणी येतंच माणसाच्या.

त्यांच्या नोकरीबद्दल सांगितलं नाही अजून. ते सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. टाक, शाई आणि भिंग, यांत आयुष्य गेलं. नद्या, रस्ते, रेल्वे, सगळं वरून बघितल्यासारखं कागदावर उतरवायचं. माझा सगळ्यात मोठा मुद्दा हाच होता. मी म्हटलं, "व्याही, जन्मभर तुम्ही जमीन वरून बघितली. मग झोपेत दुसरं काय दिसणार? मला स्वप्नात अजून लिफ्टचं दार दिसतं, म्हणून मी काय रोज दुपारी ऑफिसात जातो असं समजायचं का?" त्यांनी बराच विचार केला. मला वाटलं, जिंकलो. मग म्हणाले, "नकाशात म्हशी नसतात हो."

त्यांच्या जाण्यायेण्याचे नियम होते आणि ते घरातल्या सगळ्यांना पाळावे लागत. ते गेलेले असताना चादर बदलायची नाही, पलंग हलवायचा नाही, हात लावून उठवायचं नाही. उठवायचंच असेल तर पायाशी उभं राहून हलक्या आवाजात "आबा, चहा" म्हणायचं. एकदा घराला रंग द्यायचं काम निघालं. रंगारी घाईत. त्याने आणि जावयाने मिळून व्याह्यांसकट पलंग उचलला आणि हॉलमध्ये आणून ठेवला. व्याही दचकून उठले ते ओरडतच. पुढे दोन-तीन दिवस डाव्या हाताने जेवायला बघायचे. मी भेटायला गेलो तर रडवेले होऊन म्हणाले, "घाईत उलटा शिरलो हो. सदरा उलटा घातला ना, की कसं काखेत टोचतं, तसं सगळीकडे टोचतंय." मी म्हटलं, "मग पुन्हा बाहेर पडा आणि सरळ घाला." ते चिडले नाहीत. त्यांनी त्या दुपारी तेच केलं, आणि संध्याकाळी उजव्या हाताने भजी खाल्ली.

पण त्यांची खरी काळजी वेगळीच होती. द्वारकेतल्या सोसायट्या कोणी पाहिल्या असतील तर त्यांना कळेल. सगळ्या इमारती एका साच्यातल्या. तोच पिवळा रंग, तीच गॅलरी, तेच कूलर. चपला घालून जाणाऱ्या माणसालासुद्धा आपला जिना सापडत नाही. माझाच एकदा मजला चुकला, आणि मी आंब्याची पेटी एका बंगाली बाईच्या हातात देऊन आलो. "मग वरून येणाऱ्याने काय ओळखायचं?" व्याही विचारायचे. म्हणून ते आडवे होण्याआधी गॅलरीच्या जाळीला आपला लाल फेटा बांधायचे. जरीच्या काठाचा, त्यांच्या वडिलांचा. लांबलचक शेमला खाली वाऱ्यावर सोडलेला. सोसायटीचा सेक्रेटरी एकदा वर आला. "अंकल जी, ये बालकनी में क्या टाँग रखा है? सोसायटी का लुक ख़राब होता है." व्याही म्हणाले, "भाईसाहब, सामने एयरपोर्ट है ना? जहाज़ को उतरने के लिए इतनी बत्तियाँ लगती हैं. मुझे एक कपड़ा नहीं चाहिए?" सेक्रेटरी त्यांच्याकडे बघत राहिला आणि चहा न घेताच गेला.

मी हट्टाला पेटलो होतो. एकदा ठरवलं, परीक्षा घ्यायची. आमच्या कपाटावर एक वस्तू ठेवली आणि फोन केला. "व्याही, उद्या दुपारी आमच्याकडे या. नुसतेच या. कपाटावर काय आहे ते बघून सांगा." दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विचारलं. म्हणाले, "आलो होतो, दारापर्यंत." "मग आत का नाही आलात?" त्यांचा आवाज एकदम कडक झाला. "कसा येणार? व्याह्याचं घर. दारात कोणी नाही, या म्हणायला माणूस नाही, पायावर पाणी नाही. मी काय चोर आहे, कपाटं तपासायला?" चूक आमचीच होती. व्याही देहाने येवो नाहीतर बिनदेहाने, मान तोच. पुढच्या दुपारी मी रीतसर आमंत्रण केलं. बायकोने दारात रांगोळी घातली, पाट मांडला, तांब्याभांडं ठेवलं, आणि आम्ही नवराबायको दार सताड उघडं टाकून रिकाम्या पाटासमोर हात जोडून बसलो. समोरच्या फ्लॅटमधली मिश्राइन दोनदा डोकावली. "भाभी जी, कोई आने वाले हैं?" बायको म्हणाली, "समधी जी." "कब?" बायकोने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आ गए होंगे."

संध्याकाळी फोन. "रांगोळी छान होती," व्याही म्हणाले. मी म्हटलं, "आणि कपाटावर?" "अहो, पाहुणचार घेतल्यावर कपाटावर नजर टाकणं शोभतं का? पण ताईंना सांगा, दूध उतू गेलं तुमचं. मला ओरडून सांगायचं होतं, पण आवाज फुटेना." आता दूध खरंच उतू गेलं होतं. आम्ही दोघं दारात बसलेलो, स्वयंपाकघरात बघणार कोण? बायकोने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मीच हरलो होतो. मी तिला म्हटलं, "दुपारी चार वाजता दिल्लीत कोणाच्या गॅसवर दूध नसतं? आणि पाट मांडून बसलेल्या घरात ते उतू जाणारच, हे सांगायला आत्मा कशाला हवा?" तिने गॅस पुसायला घेतला. पुढे कितीतरी दिवस दूध ठेवलं की मान वर करून "बघताय ना?" म्हणायची.

एकदाच मी त्यांना खरं विचारलं. "एवढे फिरता, तर विहीणबाई भेटतात का कधी?" त्यांनी गॅलरीकडे बघितलं. "नाही," म्हणाले. "त्या कुठल्या बाजूला राहतात ते माहीत नाही. पण बाहेर पडता येतं, याचा अर्थ त्याही कुठेतरी बाहेर आहेत. मला तेवढं पुरतं." त्यानंतर काही दिवस मी वाद घातला नाही.

मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं, छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल, उशीर केला तर भरवसा नाही. व्याह्यांनी साफ नकार दिला. मरणाला ते भीत नव्हते. भीती वेगळी होती. "भूल दिली की मी बाहेर पडणार, हे नक्की. आणि परत येताना? पलंग सगळे सारखे, सगळ्यांच्या अंगात तोच हिरवा झगा, तोंडावर पट्ट्या. मी कोणाच्या अंगात शिरायचं? चुकून शेजारच्यात शिरलो, आणि तो ठणठणीत होऊन रोहतकला निघून गेला तर? माझी सून तिथे येणार आहे का चहा द्यायला?" तरुण डॉक्टर भला होता. त्याने समजावलं, "अंकल, ये सब दिमाग़ का खेल है. दिमाग़ को ख़ून और ऑक्सीजन कम मिले तो लगता है हम ऊपर से देख रहे हैं." माझ्या मनातलंच बोलला. पण व्याह्यांनी विचारलं, "और ऑपरेशन में आप मेरा दिल बंद करेंगे?" "थोड़ी देर. मशीन पर रखेंगे." "तो फिर मैं निकलूँगा ही. आप ही तो कह रहे हैं." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला.

त्या दिवसांत मी रोज वैशालीहून द्वारकेला जायचो. मेट्रोच्या ब्लू लाइनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सगळ्या वाटेवर एकच विचार, आज तरी हो म्हणतील का? सुजाताने जिन्यात मला धरलं. "बाबा, ते तुमचंच ऐकतील." मी म्हटलं, "माझं? अगं, आमचं आजवर एका गोष्टीवर एकमत झालं नाही." "म्हणूनच," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी आत गेलो. आधी म्हटलं, आत्माच नाही, तर भिता कशाला? ते म्हणाले, "तुमचं ठीक आहे." मग मला सुचलं ते बोलून गेलो. "मी फेटा घेऊन उभा राहतो. तुम्ही आत असेपर्यंत. बाहेर, उघड्यावर, वरून दिसेल असा." व्याही म्हणाले, "तुम्ही मानत नाही. मग उभे कशाला राहणार? मध्येच चहाला जाल." मला राग आला. खरा राग. मी म्हटलं, "व्याही, मी लिफ्टमन आहे. कोणी बसो न बसो, ड्यूटी संपेपर्यंत लिफ्ट सोडून मी कधी गेलो नाही." त्यांनी मान डोलावली. मग सुजाताला हाक मारून म्हणाले, "डॉक्टरला फोन कर."

ऑपरेशनच्या दिवशी अडचण अशी झाली, की हॉस्पिटलच्या खिडक्या नुसत्या काचेच्या, उघडतच नाहीत, फेटा बांधायला जाळी नाही, आणि गच्चीवर कोणी जाऊ देईना. व्याह्यांना झगा घातलेला, एका हाताला सुई. ते म्हणाले, "खाली बसा." मी स्टुलावर बसलो. "टोपी काढा. आणि मान ताठ ठेवा." एका हाताने जमेना, म्हणून फेट्याचं टोक सुजाताने धरलं आणि त्यांनी माझ्या डोक्याला फेटा बांधायला सुरुवात केली. एकेक वेढा घट्ट, हळूहळू, जसं नकाशावर नदी काढावी तसं. माझ्या आजोबांच्या काळी आमच्यातल्या माणसाला असा फेटा बांधून वेशीतून जायची सोय नव्हती. हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी आणखी एक वेढा घेतला. शेमला माझ्या पाठीवर सोडून त्यांनी मान कलती करून बघितलं. "टक्कल झाकलं गेलं," ते म्हणाले. मग त्यांना नेलं.

मी खाली पार्किंगच्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिलो. जूनचं ऊन. पाय भाजत होते. गार्ड आला, "ताऊ, बारात किधर की है?" मी म्हटलं, "ड्यूटी पर हूँ." त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तो पेड़ के नीचे बैठ के ड्यूटी कर लो. गिर जाओगे." कडेला कडुनिंबाचं झाड होतं, चांगली दाट सावली होती, बाकही होता. त्याच्या म्हणण्यात चुकीचं काही नव्हतं. मी दोन पावलं गेलोही. आणि थांबलो. झाडाखाली फेटा वरून दिसला नसता.

मला विचाराल, तर मी तेव्हाही मानत नव्हतो आणि आजही मानत नाही. पण मी परत उन्हात येऊन उभा राहिलो. सारखं वर बघत होतो. काचेच्या कुठल्या मजल्यावर ते होते ते मला ठाऊक नव्हतं. डोक्यात नको नको ते येत होतं. त्यांचं हृदय आता बंद असेल. ते पुन्हा चालू करणारा माणूस सावध असेल ना? आपल्या लिफ्टची तार मी रोज सकाळी डोळ्यांनी बघायचो. यांनी मशीन बघितली असेल ना? एक घार वर फिरत होती. तिच्याकडे बघून मी एकदा, कोणी ऐकत नाही असं बघून, म्हटलं, "इकडे, व्याही. इकडे." गार्डने ऐकलं असावं. तो पाण्याची बाटली माझ्या पायाशी ठेवून गेला. पुढे त्याने काही विचारलं नाही. एक गाडी माझ्या अंगावर येत होती, ती त्यानेच शिट्टी मारून बाजूने वळवली.

सुजाता धावत आली तेव्हा तिच्या तोंडाकडे बघायचा मला धीर होईना. "झालं, बाबा. नीट झालं." मग मी सावलीत गेलो.

त्यांना बोलता यायला लागलं, तेव्हा मी आत गेलो. मी जय्यत तयारीत होतो. म्हटलं, आता सांगतील, तुम्हाला बघितलं, घार बघितली, गार्ड बघितला. माझी उत्तरंही तयार होती. मी विचारलं, "काय मग? दिसलो का?" व्याही छताकडे बघत राहिले. "काहीच नाही हो," ते म्हणाले. "अंधारसुद्धा नाही. सुई दिली आणि मग नर्स गालावर थापट्या मारत होती. मध्ये काही नव्हतंच." आमचा इतक्या वर्षांचा वाद मी त्या क्षणी जिंकलो होतो. मला भडभडून आलं. त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या हाताला बळ नव्हतं. "म्हणजे तुमच्या विहीणबाई पण... कुठेच नाहीत का?"

माझ्या धर्माप्रमाणे, माझ्या अकलेप्रमाणे मी एकच उत्तर द्यायला हवं होतं: नाहीत. मी म्हटलं, "व्याही, जन्मभर मी लिफ्टच्या किती फेऱ्या केल्या. त्यांतली एक तरी आठवते का मला? फेरी आठवत नाही म्हणून झालीच नाही असं कोण म्हणेल?" त्यांनी डोळे मिटले. पटलं की नाही, ते सांगितलं नाही.

त्यानंतर त्यांचं बाहेर जाणं बंद झालं. दुपारी झोपले की साध्या माणसासारखे घोरतात. सुजाताला आरसा धरावा लागत नाही, माझा घास वेळेवर उतरतो. डॉक्टर म्हणतो, आता रक्त नीट पोचतं म्हणून. असेल. फेटा घडी करून कपाटात ठेवला. गॅलरी ओकीबोकी दिसायला लागली. सेक्रेटरीसुद्धा एकदा वर बघून म्हणाला, "अंकल की तबीयत तो ठीक है ना? आजकल झंडा नहीं लगता." आमच्या स्वयंपाकघरात दूध ठेवलं की बायको वर बघायची आणि काही न बोलता गॅस बारीक करायची.

परवा मी द्वारकेला गेलो होतो. जेवण झालं, उकाडा फार, मी हॉलमधल्या दिवाणावर आडवा झालो आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा व्याही खुर्ची ओढून माझ्या पायाशी बसले होते, हातात चहाचा कप, माझा. "व्याही, चहा," ते हलक्या आवाजात म्हणाले. मी उठून बसलो. गॅलरीकडे नजर गेली. जाळीला लाल फेटा बांधलेला.

"धुतला का?" मी विचारलं.

"नाही." ते जरा ओशाळले. "तुम्ही घोरत होता. मग घोरणं एकदम थांबलं. श्वास जरा लांबला होता तुमचा."

"मग?"

"मग काय. तुमच्यात मानत नाहीत, ठाऊक आहे मला. पण हे तुमचं घर नाही. इथले सगळे फ्लॅट सारखे." ते गुडघे धरून उठले. "थांबा, सोडतो."

मी म्हटलं, "राहू द्या. ऊन उतरेपर्यंत राहू द्या."

आम्ही गॅलरीत बसून चहा घेतला. वाऱ्याने शेमला सारखा आत येत होता, आणि व्याही प्रत्येक वेळी तो हाताने जाळीबाहेर ढकलत होते, वरून दिसावा म्हणून.